ऐंशीच्या दशकातला सिंथ-पॉप परत आलाय: तो आवाज बनतो कसा आणि त्याचा मालक कोण?

रील्स स्क्रोल करताना हा आवाज तुम्ही नक्की ऐकला असेल. मशीनचा कोरडा ठोका, खालून सरपटत जाणारा बेस आणि वर धुक्यासारखे पसरलेले सूर. २०१९ मध्ये द वीकेंडच्या 'ब्लाइंडिंग लाइट्स'ने हा आवाज नव्या पिढीपर्यंत नेला. २०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज'मुळे केट बुश यांचं १९८५ चं 'रनिंग अप दॅट हिल' ब्रिटनच्या चार्टवर पहिल्या क्रमांकावर गेलं. आता तर एआय ॲपला 'ऐंशीच्या दशकासारखं वाजव' एवढं सांगितलं तरी काम होतं.

पण हा आवाज पुन्हा घडवणं म्हणजे नेमकं काय? आणि ज्यांनी तो आधी घडवला त्यांना यातून काय मिळतं? याची एक मोठी गोष्ट मुंबईत घडली आहे.

१९८२ मध्ये मुंबईत काय झालं?

चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले वादक. गिटार, बेस आणि कीबोर्ड वाजवणारे. त्यांनी परदेशातून तीन जपानी यंत्रं मिळवली, तिन्ही रोलँड कंपनीची: टीआर-८०८ हे ड्रम मशीन, टीबी-३०३ हे बेसचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर.

१९८२ मध्ये या यंत्रांवर त्यांनी भैरव, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' नावाने रेकॉर्ड काढली. ती फारशी कुणी घेतली नाही.

पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या फ्यूचर या ग्रुपने त्याच ३०३ वर 'ॲसिड ट्रॅक्स' केलं आणि 'ॲसिड हाऊस' हा प्रकार जगभर गाजला. २०१० मध्ये एका डच लेबलने सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा बाजारात आणली, तेव्हा अनेकांना ती बनावट वाटली. शिकागोच्या आधी मुंबईत कुणी असं वाजवलं असेल, हेच लोकांना पटेना. त्यानंतर सिंग यांना युरोपात कार्यक्रम मिळाले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

हा आवाज बनतो कसा?

त्या काळातल्या बहुतेक सिंथेसायझरचं तत्त्व सोपं आहे: आधी भरगच्च आवाज तयार करायचा, मग त्यातला नको तो भाग कापायचा.

ऑसिलेटर हा मूळ आवाज देतो. फिल्टर त्यातला तीक्ष्ण भाग छाटतो. एन्व्हलप हे ठरवतो की सूर फटकन उठेल की हळूहळू उमलेल. धुक्यासारखे सूर हवे असतील तर दोन ऑसिलेटर किंचित बेसूर ठेवतात, सूर सावकाश उमलू देतात आणि वर 'कोरस' हा इफेक्ट लावतात. ३०३ चा तो 'चिर्रर्र' करणारा बेस मात्र फिल्टरचा खटका वाजवता वाजवता फिरवल्यामुळे येतो.

त्या काळातल्या गाण्यांमध्ये घंटेसारखा किणकिणणारा इलेक्ट्रिक पियानो ऐकू येतो. तो १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ चा. त्याचं तंत्र वेगळं होतं. त्यात एक लहर दुसऱ्या लहरीला हलवते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन चाउनिंग यांनी ते शोधलं.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रातल्या कुठल्याही कीबोर्डला सर्रास 'कॅसिओ' म्हणतात, पण यातला प्रत्येक आवाज वेगळ्या यंत्राचा आणि वेगळ्या हाताचा आहे. ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आहे. सिंग यांच्या रेकॉर्डवर ती काही ठिकाणी मींडेसारखी भासते. ३०३ तयार करणाऱ्यांनी मात्र ती सोय गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून दिली होती.

मग हुबेहूब का जमत नाही?

८०८ मध्ये ड्रमचं रेकॉर्डिंग नाही. तो ठोका सर्किट तयार करतं. त्यासाठी रोलँडने मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर वापरले होते. ते मिळेनासे झाले आणि १९८३ मध्ये मशीन बंद झालं. एकूण सुमारे १२ हजारच बनली. ३०३ सुद्धा १९८४ मध्ये बंद पडलं. म्हणून आज मूळ यंत्रांच्या किमती लाखांच्या घरात आहेत.

पण सॉफ्टवेअरने हे अंतर बरंच कमी केलंय. रोलँड स्वतःच त्यांची डिजिटल रूपं विकते, बेहरिंगरसारख्या कंपन्या स्वस्त नकला काढतात. त्यामुळे मुळशी तालुक्यात, लवळ्याच्या हॉस्टेलपासून हिंजवडीच्या भाड्याच्या फ्लॅटपर्यंत, लॅपटॉप आणि हेडफोन असलेला कुणीही १९८२ च्या जवळ पोहोचू शकतो.

कायदा काय सांगतो?

इथे तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

पहिली, आवाजाचा पोत. 'अमुक सिंथेसायझरसारखा बेस' यावर कॉपीराइट नसतो. राग यमनवरही नसतो. तो पोत तुम्ही स्वतः घडवून नवं गाणं केलंत तर अडचण नाही.

दुसरी, ध्वनिमुद्रण. जुन्या रेकॉर्डमधला तुकडा कापून वापरला तर परवानगी लागते. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९८२ ची रेकॉर्ड २०४२ संपेपर्यंत सुरक्षित आहे.

तिसरी, चाल. जुनं गाणंच नव्या सिंथवर वाजवायचं असेल तर २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ३१सी पाहावं लागतं. मूळ गाणं आल्यानंतर पाच वर्षं थांबायचं, आगाऊ कळवायचं, रॉयल्टी भरायची आणि तांत्रिक गरजेपलीकडे गाण्यात बदल करायचा नाही.

एआयने काय बदललं?

जून २०२४ मध्ये अमेरिकेत बड्या म्युझिक कंपन्यांनी सुनो आणि उडिओ या एआय ॲपवर खटले भरले. त्यांच्या गाण्यांवर परवानगीशिवाय मॉडेल शिकवलं, असा आरोप होता. २०२५ च्या अखेरीस यातल्या काही कंपन्यांनी तडजोड करून परवान्याचे करार केले.

भारतात जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआय नक्कल करण्याला मनाई केली. म्हणजे गायकाच्या गळ्याला संरक्षण मिळालं. पण वादकाने खटके फिरवून घडवलेल्या आवाजाला तसं संरक्षण नाही. खटले आणि करार कंपन्यांचे आहेत. आवाज घडवणारा वादक त्यात कुठेच पक्षकार नाही.

चरणजित सिंग यांना ओळख मिळायला २८ वर्षं लागली. तीही मिळाली, कारण रेकॉर्डच्या कव्हरवर त्यांचं नाव छापलेलं होतं. एआयने तयार केलेल्या गाण्यात कुणाकुणाचं काम मिसळलंय, हे सांगणारं कव्हरच नसतं. त्यामुळे परवान्याच्या करारांमध्ये वादकांची नावं आणि वाटा लिहिला जातो का, याकडे लक्ष ठेवायला हवं.