कोळसा, कोक आणि ग्राफाइट : ‘मागासलेल्या’ भट्टीचा गैरसमज

१/१२
लोखंडाचा इतिहास बहुधा दोन ठरावीक साच्यांत सांगितला जातो. एक साचा अभिमानाचा : भारतीय वूट्झ पोलाद जगात अद्वितीय होते. दुसरा खंतीचा : इंग्लंड दगडी कोळशाकडे वळले आणि भारत लाकडी कोळशावरच अडून राहिला. भट्टीतील कार्बन नेमके कोणते काम करीत होता, हा मूळ प्रश्न मात्र दोन्ही साच्यांत अनुत्तरित राहतो.

२/१२
धातुविद्येत कार्बनची कामे अनेक आहेत. तो जळून उष्णता देतो. खनिजातील ऑक्सिजन काढून घेतो, म्हणजेच क्षपण घडवतो. लोखंडात विरघळून त्याचे पोलाद करतो. भट्टीतील खनिजाचा भार पेलतो. कधी तो वितळलेला धातू धरणारी मूस होतो, तर कधी वीज वाहून नेतो. ही सर्व कामे सारख्याच कौशल्याने करणारे कार्बनचे एकही रूप नाही.

३/१२
लाकडी कोळशात गंधक नगण्य आणि राख अल्प असते. त्यामुळे त्यावर तयार झालेले लोखंड निर्मळ असते. त्याचा दोष ठिसूळपणाचा. भट्टी फार उंच केली, तर वरच्या थरांच्या भाराने कोळशाचा चुरा होतो, हवेच्या वाटा बुजतात आणि भट्टी गुदमरते. भट्टीच्या आकाराला मर्यादा पडली ती यामुळे. कारागिरांच्या अज्ञानामुळे नव्हे.

४/१२
१७०९ साली कोलब्रुकडेल येथे एब्राहम डार्बी याने कोक वापरून लोखंड गाळले. दगडी कोळसा बंदिस्त तापवून त्यातील वायू आणि डांबर काढून टाकले की कोक उरतो. तो सच्छिद्र, तरीही कणखर असतो. म्हणूनच पुढे उंच झोतभट्ट्या शक्य झाल्या. परंतु डार्बीचे लोखंड मुख्यतः ओतीव भांड्यांसाठी उपयोगी पडले. घडाऊ लोखंडासाठी ब्रिटनमध्ये लाकडी कोळशाच्या भट्ट्या त्यानंतरही कित्येक दशके धगधगत होत्या.

५/१२
शेफिल्डचे उदाहरण अधिक बोलके आहे. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळवण्याची रीत सिद्ध केली. मुशीबाहेर कोक जळत होता. शेफिल्डच्या उत्तम पोलादासाठी मुशीत घालायचा कच्चा माल मात्र स्वीडनच्या लोखंडापासून येई, आणि ते लोखंड लाकडी कोळशावर तयार झालेले असे. ‘जुना’ आणि ‘नवा’ कार्बन एकाच चुलीवर एकमेकांना पूरक ठरले होते.

६/१२
दक्षिण भारतातील वूट्झची रीत याहून कितीतरी जुनी. लोखंड आणि वनस्पतिजन्य पदार्थ मातीच्या बंद मुशीत घालून दीर्घकाळ तापवले जात. मुशीच्या मातीत भाताचे तूस कालवलेले असे. आगीत ते जळून कार्बन व सिलिका मागे राही आणि मूस उष्णतेला अधिक काळ तग धरी. तेलंगणातील कोनासमुद्रम येथे पोलादासाठी इराणी व्यापारी येत. पोलादासाठी आणि मुशीसाठी असा दोन ठिकाणी केलेला कार्बनचा हा विचारपूर्वक वापर ‘मागासलेला’ कसा म्हणावा?

७/१२
आता ग्राफाइट. इंग्लंडमधील बॉरोडेलचे ग्राफाइट तोफगोळ्यांच्या साच्यांना आतून लावले जाई. लोक त्याला ‘काळे शिसे’ म्हणत. मराठीतील ‘शिसपेन्सिल’ हा शब्द याच गैरसमजाची आठवण जपतो. १७७९ मध्ये शील याने हे द्रव्य कार्बनचेच असल्याचे दाखवले आणि १७८९ मध्ये वेर्नरने त्याला आजचे नाव दिले.

८/१२
ग्राफाइट सहजासहजी पेट घेत नाही, उष्णता झपाट्याने पसरवते आणि अचानक तापवले तरी तडकत नाही. इंधन म्हणून ते निरुपयोगी. पण मुशीसाठी नेमके हेच गुण हवे असतात. एकोणिसाव्या शतकात श्रीलंकेतील खाणींचे ग्राफाइट जगभरच्या मूस-कारखान्यांकडे जाऊ लागले, ते याच कारणाने.

९/१२
१८९० च्या दशकात एडवर्ड अॅचेसन याने विजेच्या भट्टीत कृत्रिम ग्राफाइट बनवले. आज पेट्रोलियम कोक आणि डांबरापासून केलेले कांब सुमारे ३००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ग्राफाइटचे विद्युदग्र घडवतात. १९०० च्या सुमारास पॉल एरू याने पोलादासाठी विद्युत्-प्रज्योत भट्टी उभारली. आज भंगारातून पोलाद करणाऱ्या अशा भट्ट्या याच विद्युदग्रांवर चालतात. येथे कार्बन जितका कमी झिजेल तितका चांगला. अॅल्युमिनियमच्या कारखान्यात मात्र कार्बनचा धनाग्र ऑक्सिजनशी संयोग पावून झिजत जातो, कारण तेच त्याचे काम असते.

१०/१२
विसाव्या शतकातील भारतातही एकच मार्ग नव्हता. जमशेदपूरला १९११ मध्ये कोकच्या झोतभट्टीतून लोखंड बाहेर पडले. १९२३ मध्ये भद्रावतीला लाकडी कोळशावर झोतभट्टी सुरू झाली. या प्रकल्पामागे होते पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले आणि नाशिक-खानदेशात सेवा केलेले विश्वेश्वरय्या. म्हैसूरजवळ लोहखनिज होते, अरण्य होते. कोकयोग्य कोळसा जवळ नव्हता. हा निर्णय भूगोलाने घडवला होता.

११/१२
मग मध्य भारतातील आगरियांच्या भट्ट्या का विझल्या? स्वस्त आयात लोखंडाने बाजार हिरावला, हे खरेच. परंतु १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले वाढली आणि कोळसा पाडण्याचा हक्क आक्रसला, हेही तितकेच खरे. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ च्या ग्रंथात या समाजाची वाताहत नोंदवली. ज्यांचा कार्बनच कुलूपबंद झाला, त्यांच्या तंत्राला ‘कालबाह्य’ म्हणणे म्हणजे सत्तेचा निर्णय निसर्गनियमाच्या नावावर खपवणे होय.

१२/१२
याचा अर्थ लाकडी कोळसा निर्दोष होता, असा नव्हे; त्यासाठीही अरण्ये तुटली. पण कोळसा, कोक, ग्राफाइट या प्रगतीच्या चढत्या पायऱ्या नाहीत; ती तीन वेगळ्या कामांची तीन साधने आहेत. म्हणून एखादे तंत्र श्रेष्ठ की कनिष्ठ हे ठरवण्यापूर्वी ते कोणत्या कामासाठी होते, त्याचा कच्चा माल कोठून येत होता आणि त्या मालावर ताबा कोणाचा होता, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत.