विश्लेषण : लॅसिकने चष्मा सुटतो, पण सगळ्यांचा का नाही?

‘काही मिनिटांत चष्म्याला रामराम’ ही जाहिरात तशी खोटी नाही. लेझर डोळ्यावर चालतो तो काही सेकंदच. पण शस्त्रक्रिया करायची की नाही, हे त्याआधीच्या तपासणीत ठरते.

नकार कोणाला?

वय 18 पूर्ण आणि नंबर वर्षभर स्थिर, ही पहिली अट. खरी मेख कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या जाडीत आहे. त्याचा वरचा पातळ पापुद्रा उचलून खालचा थर लेझरने कोरतात. हिशेब सरळ आहे. पडदा 540 मायक्रॉनचा, पापुद्रा 110 चा, दर एका नंबरामागे साधारण 14 मायक्रॉन खर्च. उणे 6 नंबरासाठी 84 गेले, 346 उरले. मुळात पडदा 470 चाच असेल तर उरतात 276. किमान 250 हवेत. अनेक डॉक्टर 300 च्या खाली जात नाहीत. पडदा कमकुवत झाला तर तो शंकूसारखा पुढे येऊन नजर पुन्हा बिघडू शकते. त्यामुळे कॉर्नियाची टोपोग्राफी न करताच तारीख देणाऱ्याकडून परत फिरलेले बरे.

नंतर काय?

बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी स्वच्छ दिसते. डोळ्यांचा कोरडेपणा, रात्री दिव्यांभोवती दिसणारी वलये काही महिने राहू शकतात. मोजक्यांची ती कायमची तक्रार होते. चाळिशीचा चष्मा मात्र चुकत नाही, कारण तो दोष आतल्या भिंगाचा.

आणि भरतीचे?

सैन्यदलांचे निकष शाखेनुसार बदलतात. काही ठिकाणी लॅसिक झालेला उमेदवार थेट अपात्र ठरतो. तेव्हा भरतीच्या अधिसूचनेतील वैद्यकीय अटी आधी वाचाव्यात, पैसे नंतर भरावेत.