टोकावर उभा राहिलेला चौरस

फळ्यावरचा चौरस पुसून बाईंनी त्याच मापाचा, परंतु एका टोकावर उभा केलेला चौरस काढला, की चौथीची मुले तत्क्षणी ‘शंकरपाळी!’ म्हणून गर्जतात, आणि पुस्तकाबरहुकूम चौरसाची व्याख्या म्हणून दाखविणारा विद्यार्थीही त्यांत सामील असतो, हे मी अनेक वर्गांत पाहिले आहे. अशा उत्तरावर फुली मारून मोकळे होण्याचा जो शिरस्ता पडला आहे, तो मला अन्यायाचा वाटतो.

अशा उत्तरामागचे कारण शोधले ते नेदरलंड्समधील पिएर व्हान हीले आणि त्यांच्या पत्नी डीना या शिक्षक जोडीने. आपण समजावून सांगतो ते मुलांपर्यंत का पोहोचत नाही, या व्यथेचा शोध घेत दोघांनी १९५७ साली उत्रेख्त येथे आपापले प्रबंध पूर्ण केले. मूल आरंभी आकृती समग्रतेने, ओळखीचा चेहरा ओळखावा तशी, ओळखते. मागाहून बाजू आणि कोन हे गुणधर्म वेगळे पाहू लागते. आणि त्यांचे परस्परांशी नाते उमगल्यावरच ‘प्रत्येक चौरस आयतही असतो’ हे त्याला पटते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ही पायरी वयाच्या दाखल्यावरून मुक्रर होत नाही, ती अनुभवाने व अध्यापनाने चढावी लागते. म्हणूनच ‘चौरस’ हा एकच शब्द उच्चारणारे बाई आणि मूल वस्तुतः दोन भिन्न भाषा बोलत असतात.

यावर पुन्हा व्याख्या घोकवून घेणे हा इलाज नव्हे. मुलाच्या हाती जाड कागदाचे आकार द्यावेत. आयत मधोमध दुमडला तर कडेवर कड बसते, कर्णावर दुमडला तर बसत नाही. खऱ्या शंकरपाळीचे नेमके उलट, ती कर्णावर जुळते आणि मधोमध फसते. चौरस मात्र चारही घड्यांना उतरतो, आणि दोघांशीही त्याचे सोयरेपण आहे हे बोटांना आधी कळते. रोज अंगणात ठिपके जोडून रांगोळी काढणाऱ्या मुलीच्या बोटांत हे ज्ञान निम्मे मुरलेलेच असते, त्याची दखल वर्गातही घ्यायला हवी.

अशाच एका तासाला चार घड्या घालून झाल्यावर एक मुलगी उद्गारली, “बाई, हा तर चौरसच आहे, नुसता वळलाय!” बाईंनी तिला शाबासकी दिली नाही की व्याख्याही सांगितली नाही, त्यांनी इतकेच विचारले, “कशावरून?” आणि ती पुन्हा कागद उलगडून बसली.