एक हात मोकळा हवा

देवनहळ्ळीच्या किल्ल्याच्या तटावर मी एक हात भिंतीला टेकवूनच चढते. साठी उलटली आहे. म्हणजे कॅमेऱ्याला उरतो एकच हात. गेली दोन वर्षं त्या हातात निकॉन झेड ५ असतो आणि त्यावर २४-५० मिलिमीटरची छोटी झूम लेन्स. लेन्स १९५ ग्रॅमची, कॅमेऱ्यासकट ८७०. त्याआधी मी २४-७० एफ/२.८ वापरत असे. ती एकटीच ८०५ ग्रॅम. दुपारच्या आत ती बॅगेत जायची आणि पुढची सगळी भटकंती मोबाइलवर निघायची.

तरीही फोटोवाला कुणी भेटला की विचारतो, "मावशी, टू-पॉइंट-एट नाही घेतली?" हा प्रश्न लग्नाच्या हॉलमधून आलेला आहे. तिथे तो रास्तच. उजेड कमी, माणसं हलती, अक्षता पडतानाचा क्षण हुकला की गेला. पण लग्नं काढणाऱ्याची गरज हाच आपल्याकडे सगळ्यांचा मापदंड होऊन बसलाय. हंपीला चाललेली माणसं त्यापायी लाखाच्या वर पैसे मोजतात आणि खांदे दुखवून घेतात. मला याचं खरंच वाईट वाटतं.

किल्ल्यात भर उन्हात आयएसओ १०० ठेवला तर एफ/८ वर १/४०० सेकंदाचं शटर मिळतं. १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने घेतलेल्या या किल्ल्याचे अर्धगोल बुरुज टिपायचे तर जवळच्या दगडापासून लांबच्या बुरुजापर्यंत सगळं स्पष्ट हवं. महागडी लेन्स लावली असती तरी मी तिथे एफ/८ च ठेवला असता.

"मग फुल फ्रेम कशाला? लहान सेन्सरचा कॅमेरा घ्या की!" असं म्हणणाऱ्यांनी जरा हिशेब करावा. माझी लेन्स लांबच्या टोकाला एफ/६.३ वर येते, आणि फुल फ्रेमवरचा एफ/६.३ हा एपीएस-सीवरच्या साधारण एफ/४.२ च्या बरोबरीचा: पार्श्वभूमी तेवढीच धूसर, आणि त्याच शटरला सेन्सरवर पडणारा एकूण उजेडही तेवढाच. एपीएस-सीच्या नेहमीच्या किट लेन्स मात्र लांबच्या टोकाला एफ/५.६ किंवा ६.३ वर येतात. आकड्याने मंद दिसणारी माझी लेन्स त्यांच्यापुढे मंद नाही.

अशा लेन्स पूर्वी जमण्यासारख्या नव्हत्या. आरशाच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस एफ/५.६ पर्यंतच भरवशाचा, शिवाय व्ह्यूफाइंडरही काळवंडायचा. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरच करतो, म्हणून २०२० या एकाच वर्षात निकॉनची २४-५०, सोनीची १६७ ग्रॅमची २८-६० आणि पॅनासॉनिकची २०-६० बाजारात आली. तिघींत मला हेवा वाटतो तो पॅनासॉनिकवाल्यांचा. गल्लीत उभं राहून गोपुर घ्यायचं तर २४ अपुरा पडतो, २० पुरतो.

संध्याकाळी ही लेन्स कमी पडते, ते खरं आहे. किल्ल्यातल्या वेणुगोपाल मंदिराचं कोरीवकाम हलत नाही, त्यामुळे कॅमेऱ्यातल्या स्थिरीकरणाच्या भरवशावर १/१० सेकंदही चालतो. अंगणात पळणाऱ्या पोरांना तो चालत नाही. त्यांच्यासाठी खिशात ४० मिलिमीटर एफ/२ ठेवते, १७० ग्रॅमची. दोन्ही लेन्स मिळून त्या जुन्या लेन्सच्या निम्म्याही भरत नाहीत.

माझी तक्रार कंपन्यांबद्दल आहे. छोटी लेन्स म्हणजे शिकाऊंची लेन्स, असं धरूनच त्या ती बनवतात. माझ्या २४-५० चा माउंट प्लास्टिकचा आहे. २० पासून सुरू होणारी, धातूच्या माउंटची द्या, ३०० ग्रॅम झाली तरी मी घेईन.

गेल्या महिन्यात मिरजेहून वहिनी आल्या होत्या. तटावरून उतरताना त्या म्हणाल्या, "वन्सं, हात द्या हो जरा." डावा हात त्यांना दिला, उजव्याने फोटो काढला. पदर वाऱ्याने उडालाय, नजर पायरीवर आहे, चौकट थोडी तिरकी. मिरजेच्या घरी सोप्यात त्यांनी तोच लावलाय.