बोगनवेलीला ताण द्या

‘आमची बोगनवेल नुसती पानानं माजलीय, फुलतच नाही,’ असं कुणी सांगितलं की मी आधी कुंडीतल्या मातीत बोट घालून बघते. बहुतेक वेळा माती ओली असते. आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. पिंपं, बादल्या भरून ठेवायच्या आणि त्यातलंच पाणी, ज्या झाडाला ते नको आहे त्याला सकाळ-संध्याकाळ घालायचं, हे बघून मला खरोखर वाईट वाटतं.

इथून सांगोल्याकडे जा. तिथला डाळिंबवाला बहार धरायचा असला की आधी बाग ताणावर सोडतो. पाणी तोडतो, पानं पिवळी पडून गळू देतो, मग छाटणी, खत आणि पहिलं पाणी. नव्या फुटीबरोबर कळी निघते. बोगनवेलीचंही बरंचसं तसंच आहे. तीही नव्या फुटीवर फुलते आणि मुळं जरा कोरडी राहिली की कळी धरते. महामार्गाच्या दुभाजकावर तिच्याकडे कोण रोज झारी घेऊन जातं? तरी मार्च-एप्रिलात तिथे पान दिसत नाही इतकी ती बहरते. शिवारात जे सगळ्यांना ठाऊक आहे ते गच्चीवर का पोचत नाही?

ताण द्यायचा तोही बेतानं. पानं किंचित लवली की भरपूर पाणी द्यावं, तळातून निथळेपर्यंत. मग वरची माती पुरती वाळेपर्यंत झारीला हात लावू नये. हे सगळं जुन्या, मुरलेल्या झाडासाठी. पहिल्या वर्षाच्या रोपाला मात्र नियमित पाणी लागतं. ऊन रोज निदान पाच-सहा तास हवं. इमारतीच्या सावलीतल्या गॅलरीत तिला ठेवलंत तर कितीही ताण दिलात तरी पानंच येतील. मातीत वाळू किंवा विटांचा चुरा घालावा, निचरा महत्त्वाचा. युरिया नको, त्यानं पानंच वाढतात. थोडं कुजलेलं शेणखत पुरतं. बहर ओसरला की शेंडे छाटून टाकावेत. कुंडी बदलताना मुळांचा गोळा फोडू नये. वरून एवढी दणकट दिसणारी ही वेल मुळाशी फार नाजूक असते.

काही जण तिला परकी म्हणून नाकारतात. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, हे खरं. १७६७ साली बुगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीच्या सफरीतल्या कॉमेरसाँ या वनस्पतीशास्त्रज्ञाला ती रिओ द जानेरोला सापडली आणि कप्तानाचं नाव तिला मिळालं. देशी झाडांचा आग्रह मलाही मान्य आहे, अंगण असेल तर कडुलिंबच लावा. पण मे महिन्यात चाळीस अंशांच्या वर तापणाऱ्या सिमेंटच्या गच्चीवर, बारा इंची कुंडीत, एवढ्या कमी पाण्यात असा रंग दुसरं कोण देईल? शिवाय ती गुलबक्षीच्या आणि आपल्या पुनर्नवेच्या कुळातली आहे. मी शिकवत होते तेव्हा वर्गात मुलांना तिची तीन रंगीत पानं उलगडून आतलं बारीक, पांढुरकं नळीसारखं खरं फूल दाखवत असे. दुहेरी जातींत ते खरं फूलच नसतं, आणि वाळलेली सहपत्रं, म्हणजे तीच रंगीत पानं, फांदीवरच लोंबत राहतात. म्हणून मी एकेरी वाणच लावते. एकाच झाडावर पांढरा आणि राणी असे दोन्ही रंग देणारी ‘मेरी पामर’ माझी सर्वांत लाडकी.

नर्सरीत वाणाचं नाव विचारा. बोगनवेलीच्या वाणांची जगभरची नोंद आपल्या दिल्लीतल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे होते, आणि आपण मात्र ‘राणी कलर द्या’ म्हणून घेऊन येतो. विकत घ्यायची नसेल तर पावसाच्या तोंडावर सोसायट्यांच्या कुंपणांची छाटणी होते, तेव्हा माळ्याला सांगून ठेवा. पेन्सिलीएवढ्या जाड, पक्व फांद्यांचे वीतभर तुकडे करा, पानं काढा, निम्मे वाळूमिश्रित मातीत खोचा आणि सावलीत ठेवा. फुटवे आले म्हणून लगेच उपटून बघू नका, मुळं त्यानंतर बऱ्याच दिवसांनी धरतात.