दवाखान्यांतील मदतनिसांचें शिक्षण

वैद्य विद्वान् असला म्हणजे रोग्याची काळजी मिटली, असा सर्वांचा समज असतो. परंतु रोग्याच्या अंगास पहिला हात लागतो, तो बहुधा वैद्याचा नसतो. रक्तदाब मोजणें, सुई टोचणें, जखम बांधणें, औषधाची मात्रा समजावून सांगणें हीं कामें मदतनिसाकडे असतात. त्या हातास कोणीं शिकविलें, याची चौकशी आपल्याकडे क्वचितच होते. अमेरिकेंत ती बऱ्याच अंशीं झाली आहे. तिचें फळ काय झालें, हें पाहण्यासारखें आहे.

तेथें या मदतनिसास ‘मेडिकल असिस्टंट’ म्हणतात व त्याचें शिक्षण मुख्यत्वें ‘कम्युनिटी कॉलेजां’त मिळतें. अशा सार्वजनिक संस्थांपैकीं आज चालू असलेली सर्वांत जुनी संस्था इलिनॉय संस्थानांतील जोलिएट येथें १९०१ सालीं निघाली, आणि १९४७ सालीं राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या आयोगानें त्यांचा जोरानें पुरस्कार केला. फी माफक, प्रवेशाचें दार बहुतांश खुलें. सुमारें एका वर्षांत प्रमाणपत्र, दोन वर्षांत पदविका मिळते. शरीररचना, निर्जंतुकीकरण, रक्त काढणें, हृदयालेख घेणें, विम्याचीं कागदपत्रें, रोग्याच्या माहितीची गुप्तता, इतके विषय शिकविले जातात. मान्यताप्राप्त वर्गांत शेवटीं प्रत्यक्ष दवाखान्यांत निदान १६० तास काम करावें लागतें. या धंद्याची राष्ट्रीय संघटना १९५६ सालीं स्थापन झाली, व प्रमाणपत्राची परीक्षा १९६३ पासून सुरू आहे.

सार्वजनिक संस्थेचें महत्त्व तिच्या उलट उदाहरणावरून कळतें. हेंच शिक्षण नफ्यासाठीं विकणारी कोरिंथियन कॉलेजेस ही मोठी कंपनी २०१५ सालीं बुडाली. विद्यार्थ्यांस नोकरीचीं खोटीं आश्वासनें दिल्याचा ठपका तिच्यावर आला; आणि २०२२ सालीं सरकारनें सुमारें ५ लाख ६० हजार कर्जदारांचें ५८० कोटि डॉलरांचें कर्ज माफ केलें. दुकानदाराच्या चुकीची किंमत करदात्यानें भरली! गरजू माणसाची विद्येची भूक हें भांडवल समजून कोणी व्यापार मांडला, तर तो धंदा नव्हे, लुबाडणूक होय, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको.

तथापि सार्वजनिक पद्धतींतही दोष आहेत. ते १६० तास बहुधा बिनपगारी असतात. दिवसाच्या मजुरीवर घर चालविणाऱ्या स्त्रीनें ते कोठून काढावे? या धंद्यांत बहुसंख्य स्त्रियाच आहेत. शिवाय २०२३ सालीं या मदतनिसाचें मध्यम वार्षिक वेतन ४२ हजार डॉलर होतें, तर नोंदणीकृत परिचारिकेचें ८६ हजारांच्या वर. बरें, परिचारिका होऊं म्हटलें, तर पूर्वीच्या अभ्यासाचा बराचसा भाग पुष्कळदां हिशेबांत धरला जात नाहीं. दार उघडें आहे, पण आंत जिना नाहीं.

कोणी म्हणतील, अर्धवट शिकलेलीं माणसें वाढवून वैदूच वाढतील. आम्हांस हें पटत नाहीं. रोगाचें निदान करण्याचा किंवा स्वतःच्या मतें औषध देण्याचा अधिकार या मदतनिसास अमेरिकेंतही नाहीं. आपण कोठें थांबावें हें त्यास आधीं शिकवितात. न शिकलेल्यास ही मर्यादा ठाऊक नसते, आणि भय आहे तें त्याचेंच.

आपल्याकडे २०२१ सालीं संबद्ध आरोग्य व्यवसायांचा कायदा झाला; त्यांत अशा व्यावसायिकाच्या पदविकेस वा पदवीस निदान २००० तासांचें शिक्षण ठरविलें आहे. कायदा स्तुत्य खरा. पण पेठेंतल्या दवाखान्यांत आजही एखादी मुलगी वा कंपाउंडर नुसतें पाहून पाहून शिकतो व चार दिवसांत सुई हातीं धरतो. चाकराकडून कामांत चूक झाली तर धनी जबाबदार, हें कायद्याचें जुनें तत्त्व डॉक्टरांनीं विसरूं नये. पण भरपाई मिळाल्यानें बिघडलेला हात बरा होत नाहीं, हें रोग्यानेंही विसरूं नये.

म्हणून आमची सूचना अशी. जिल्ह्याच्या गांवीं महाविद्यालय आहे, रुग्णालय आहे. दोहोंनीं मिळून हा वर्ग चालवावा. प्रत्यक्ष कामाच्या तासांस विद्यावेतन असावें, व पुढें परिचारिकेच्या अभ्यासांत तें शिक्षण जमेस धरावें. धर्मशाळा बांधणाऱ्या उदार गृहस्थांनीं अशा दहा मुलींच्या विद्यावेतनाचा भार उचलला, तर त्या पुण्याचा अनुभव त्यांच्याच घरच्या आजाऱ्यांस येईल. सरकारची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. आरंभ एका गांवानें केला तरी पुरे.