तोळा नेमका कोणता?

रमजान जवळ आला की घरोघरी जकातीचा हिशेब सुरू होतो. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, हा निसाब आपल्याकडे पोराटोरांनाही पाठ असतो. पण तोळा म्हणजे किती, हे सहसा कुणी विचारत नाही.

पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या सराफाला विचारा. तोळा म्हणजे दहा ग्रॅम, असे तो सांगेल. आजच्या बाजारात ते बरोबरच आहे. निसाबातला तोळा मात्र इंग्रजांच्या काळातला, 11.664 ग्रॅमचा. 1956 च्या कायद्याने दशमान वजनांचा मार्ग मोकळा झाला. पुढे जुने माप गेले, शब्द राहिला.

जुन्या तोळ्याने निसाब होतो सोने 87.48 ग्रॅम, चांदी 612.36 ग्रॅम. दहा ग्रॅमचा तोळा धरला तर 75 आणि 525. समजा, एखाद्या बहिणीकडे 80 ग्रॅम शुद्ध सोने आहे. चांदी, रोकड काही नाही. एका हिशेबाने तिच्यावर जकात नाही, दुसऱ्याने आहे. सोने तेच, वस्तुमान तेच. बदलले फक्त एकक.

शाळेत रसायनशास्त्राची सुरुवात इथूनच होते: द्रव्य, वस्तुमान, मोजमाप. आणि नेमके हेच धडे आपण घाईने उरकतो. 'जे जागा व्यापते आणि ज्याला वस्तुमान असते ते द्रव्य' एवढे पाठ झाले की पुढचे पान. मी भाषेचा शिक्षक आहे, तरी मला हे खटकते. एककाशिवाय आकडा म्हणजे अर्थाशिवाय शब्द.

दुसरा प्रश्न शुद्धतेचा. बावीस कॅरेट म्हणजे 24 भागांत 22 भाग सोने, उरलेले तांबे, चांदी वगैरे. म्हणजे 80 ग्रॅमच्या बांगड्यांत सोने साधारण 73.3 ग्रॅम. दागिन्यांचा हिशेब कसा धरायचा, ते उलेमा सांगतील. पण त्यांच्यापुढे प्रश्न नीट मांडायला वजन आणि कॅरेट आपल्याला माहीत हवे.

बाराव्या शतकात मर्व शहरात अल-खाजिनी यांनी 'मीजान अल-हिकमा' हा ग्रंथ लिहिला. वस्तू हवेत आणि पाण्यात तोलून शुद्ध धातू व भेसळ ओळखणाऱ्या तराजूचे वर्णन त्यात आहे. अशी नावे आपण जलशांत अभिमानाने घेतो. पण मुलांच्या हातात तराजू किती जण देतो?

कुरआनात मापात खोट करणाऱ्यांबद्दल एक स्वतंत्र सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. अचूक मोजणे ही आपल्याकडे दीनचीही बाब आहे. म्हणून यंदा जकातीचा हिशेब घरातल्या आठवी-नववीच्या मुलामुलींना करू द्या, ग्रॅममध्ये. आणि त्यांनी 'तोळा कोणता?' असे विचारले, तर त्याला उलट उत्तर समजू नका. विज्ञान तिथूनच सुरू होते.